वालीजा

सुटकेसचं चाक स्टेशनच्या बाहेर आल्या आल्याच रुसलं. तुटलं नाही, नुसतं फिरायचं बंद झालं. मग ती बॅग दगडी फरशीवरून खर्रर्र करत ओढत न्यायची, आणि आवाज एवढा की दोन्ही बाजूंच्या बंद खिडक्यांमागे झोपलेल्या माणसांची मला लाज वाटायला लागली. दुपारचे अडीच, जूनचं ऊन. दक्षिण इटलीतल्या ब्रिंदिसीत स्टेशनपासून बंदरापर्यंतचा रस्ता एकदम सरळसोट आहे, आधी कोर्सो उंबेर्तो, मग कारंज्याचा चौक, मग कोर्सो गारिबाल्दी, नाकासमोर चालत राहायचं की पाणीच लागतं. दुकानांची शटर्स खाली. रस्त्यात मी, माझी बॅग, आणि चौकातल्या बाकावर सावली धरून बसलेले एक आजोबा. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, मांडीवर घडी घातलेला पेपर. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "दा दोवे?" कुठून. एवढं इटालियन मोबाईलवरच्या त्या ॲपने शिकवलं होतं. मी म्हटलं मुंबई. कळलं नाही त्यांना. मग म्हटलं बॉम्बे. त्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की बस्स. "आऽऽ, बॉम्बे! ला वालीजा! ला वालीजा देल्ले इंदिए!" आणि माझ्या बॅगेकडे बोट करून हसायलाच लागले.

वालीजा म्हणजे सुटकेस, हे मला एअरपोर्टवरच्या पाट्यांमुळे माहीत होतं. म्हणजे हा माणूस म्हणतोय, बघा ही इंडियाची बॅग! आता माझी बॅग काही ग्रेट नाही हे मान्य, २०११ साली घेतलेली, कडेला भाचीने चिकटवलेला स्टिकर अर्धा निघालेला, पण म्हणून काय? लेडीज डब्यात तिघींच्या सीटवर चौथी बसताना जी बाई जराही सरकत नाही तिला मी जो लूक देते तो लूक मी त्यांना दिला आणि खर्रर्र करत पुढे निघून आले. मागून अजून काहीतरी म्हणत होते ते. मी वळले नाही.

हा तो प्रसंग. पूर्ण अर्ध्या मिनिटाचा.

खरं तर ब्रिंदिसीला मी राहायला येणारच नव्हते. भाची मिलानला शिकते, तिच्या परीक्षा चालू होत्या, म्हटलं तुला त्रास नको, मी एकटी दक्षिणेकडे जाऊन येते चार दिवस. ती म्हणाली पोलिन्यानो कर, लेच्चे कर, ब्रिंदिसीत काय आहे, एअरपोर्ट आणि ग्रीसच्या बोटी. पण लेच्चेतल्या खोल्यांचे भाव बघून डोळे पांढरे झाले, आणि ब्रिंदिसीहून लेच्चे ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास, म्हणून इथे खोली घेतली. थोडक्यात, ठाण्यात राहून मुंबई बघायची स्कीम. आणि गंमत म्हणजे हे गाव गेली दोन हजार वर्षं हेच करत आलंय. इथे लोक येतात ते दुसरीकडे जायला. रोमहून निघालेला आपिया रस्ता इथे संपायचा आणि पुढे बोटीने ग्रीस. धर्मयुद्धवाले इथून गेले. सत्तर-ऐंशीच्या दशकात रेल्वेचा पास घेऊन फिरणारी युरोपभरची पोरं पाठीवर सॅक टाकून याच रस्त्याने बंदराकडे जायची आणि रात्र फुटपाथवर झोपून काढायची. आणि आता मी, लेच्चेला जाण्यासाठी.

खोलीची मालकीण साठीच्या पुढची, केस तांबडे रंगवलेले, इंग्लिश माझ्या इटालियनपेक्षा थोडंसंच बरं. तिने खिडकीची लाकडी झडप ओढून घेतली, म्हणाली आता कोंत्रोरा, पाचपर्यंत झोपायचं, बाहेर फक्त वेडे आणि टुरिस्ट. दुपारच्या या मेलेल्या वेळेला दक्षिणेत हा खास शब्द आहे. आपल्याकडे वामकुक्षी आहे, पण वामकुक्षी एका माणसाची असते, कोंत्रोरा अख्ख्या गावाची. (एक ते चारचा जोक मी इथे करणार नाही.) मी पडले, पण झोप कुठली. झडपेच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या भिंतीवर, खालून कुणाच्या तरी घरातल्या लसूण-टोमॅटोचा वास, आणि डोक्यात ते आजोबा.

संध्याकाळी खाली उतरले तेव्हा गाव बदललेलं होतं. मघाशी ज्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तिथे आता लोकांची ही गर्दी, बाबागाड्या, परफ्यूम, आईस्क्रीम, म्हाताऱ्या जोडप्यांनी हातात हात घालून एकदा खाली बंदरापर्यंत जायचं आणि परत वर यायचं. कुणाला कुठेही पोचायचं नाहीये. बंदरावर आले आणि आधी थोडी खट्टूच झाले, कारण मी समुद्र बघायला आले होते आणि समोर तळ्यासारखं शांत पाणी. लाट नाही, क्षितिज नाही, पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर. समुद्र इथे आत शिरून दोन फांद्यांमध्ये फुटतो, एक फांदी गावाच्या डावीकडून, एक उजवीकडून, आणि वरून बघितलं तर हरणाचं डोकं आणि त्याची शिंगं. गावाचं नावच म्हणे त्या हरणावरून पडलं, रोमन लोकांच्याही आधीच्या इथल्या भाषेतलं. गावाच्या चिन्हावर अजून हरीण आहे. म्हणजे आपण जिथे उभ्या आहोत ते दोन शिंगांच्या मधलं कपाळ, असं मी मनाशी जुळवलं आणि मग ते पाणी आवडायला लागलं. जाळ्यांचा आणि डिझेलचा तो वास, तो मात्र थेट भाऊच्या धक्क्यावरचा. त्यात काही इटालियन-बिटालियन नाही.

किनाऱ्याला लागून जुन्या थाटाचं एक मोठं हॉटेल आहे. उंच खिडक्या, नक्षीच्या बाल्कन्या. गावाच्या मानाने जरा जास्तच भव्य, साखरपुड्याला नऊवारी आणि शेला घालून आल्यासारखं. रात्री मालकिणीला सहज विचारलं, एवढं मोठं हॉटेल कशाला बांधलं इथे? ती म्हणाली, तुमच्यासाठीच. म्हणजे? म्हणे याचं मूळ नावच ईस्ट इंडीजचं हॉटेल, लंडनहून बॉम्बेला जाणाऱ्या लोकांसाठी बांधलं होतं, ला वालीजा देल्ले इंदिए, माहीत नाही तुला?

मी चहाचा कप खाली ठेवला.

तर वालीजा म्हणजे सुटकेस, आणि वालीजा म्हणजे टपालाची थैलीही. इंग्रज ज्याला इंडियन मेल म्हणायचे त्याला इटालियन लोक भारताची थैली म्हणायचे. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि फ्रान्सच्या मार्सेय बंदरावरून जाणारं विलायतचं टपाल अडचणीत आलं, तेव्हा इंग्रजांनी ते इटलीवरून वळवलं. १८७१ ला आल्प्सच्या पोटातून फ्रेजूसचा बोगदा झाला आणि लाईन पक्की झाली. शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून थैल्या निघायच्या, खाडी ओलांडून कॅले, मग फ्रान्स, बोगदा, आणि इटलीचा अख्खा बूट टाचेपर्यंत उतरून दोन-अडीच दिवसांत ब्रिंदिसी. इथे बोट वाट बघत उभी. पुढे सुएझ, एडन, बॉम्बे. १९१४ ला महायुद्ध सुरू होईपर्यंत, चव्वेचाळीस वर्षं, हे दर आठवड्याला. आणि स्टेशनपासून बंदरापर्यंतचा तो सरळसोट रस्ता, ज्यावरून मी बॅग ओढत आले, तो मधला तुकडा. कलेक्टरांच्या बायकांच्या ट्रंका, मिशनरी, विलायतेत बॅरिस्टर व्हायला निघालेली आणि होऊन परत येणारी आपली पोरं, सगळ्यांना स्टेशन ते बोट हे एवढं अंतर पार करायलाच लागायचं. म्हणजे त्या आजोबांनी बॉम्बे ऐकलं, बॅग बघितली, आणि गावातली शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेली गोष्ट एकदम समोरून खर्रर्र करत चालत येताना त्यांना दिसली. आणि मी काय केलं, तर लूक दिला.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. माझे बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते, मनमाडला. रात्रपाळीहून सकाळी घरी आले की शर्टाला लाखेचा आणि किंतानाचा वास यायचा, आई तो शर्ट वेगळा भिजवायची. बाबांची एक सवय होती, जिच्यामुळे आम्हाला पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणी आपलं गाव सांगितलं की ते पाऊसपाणी, नातीगोती काही विचारायचे नाहीत. कुणी म्हणालं आम्ही येवल्याचे, की बाबा लगेच, "येवला, म्हणजे तुमचा थैला मनमाडला उतरतो." झालं, त्यांच्या दृष्टीने ओळख पूर्ण. समोरच्याला कळायचंच नाही यावर काय बोलायचं. माझ्या साखरपुड्यात सासऱ्यांना त्यांनी त्यांच्या गावचा पिनकोड म्हणून दाखवलाय. आणि मी त्या माणसाची मुलगी, मला एका परक्या गावात कुणीतरी नेमकं तसंच ओळखलं, तुझी थैली आमच्याकडे उतरायची, आणि ते माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांना ते मुंबई आणि एडनच्या दरम्यान बोटीवरच टपाल सॉर्ट करणारे लोक माहीत असणार, नक्कीच, हलत्या डब्यात सॉर्टिंग करणारा माणूस हलत्या बोटीवरच्या भाऊबंदांना विसरत नाही. बोट लागली असेल का हो त्यांना, असंच काहीतरी विचारलं असतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी लेच्चेला जायचं होतं, गेले नाही. सकाळी सरळ चौकात. बाक रिकामा.

मग नुसती चालत सुटले. बंदरावरून रुंद पायऱ्या वर चढत जातात आणि वर एक रोमन खांब उभा आहे, एकोणीस मीटरच्या आसपास उंच, संगमरवरी, उन्हात डोळ्यांना खुपेल असा पांढरा. आपिया रस्त्याचं शेवटचं टोक हेच असं सगळे सांगतात. त्याच्या शेजारी अजून एक होता, तो १५२८ साली एका रात्रीत कोसळला, आता नुसता चौथरा आणि एक तुकडा. उरलेले तुकडे कुठे गेले? लेच्चेला! सतराव्या शतकात प्लेग आला, लेच्चेच्या संताने वाचवलं अशी भावना, म्हणून ब्रिंदिसीकरांनी खांबाचे तुकडे त्या संताला दिले आणि त्यांच्या चौकात त्याचा पुतळा त्यावर उभा राहिला. मालकीण हे सांगताना अशी बोलत होती जणू तुकडे मागच्या महिन्यात गेलेत. दिले नाहीत, नेले, म्हणाली. खांबाचा वरचा मुकुट पण आता खरा नाहीये, खरा जवळच्या एका जुन्या पालाझोत, म्हणजे वाड्यात, उतरवून ठेवलाय आणि वर कॉपी. तो मी बघितला, अगदी हात लावता येईल एवढ्या अंतरावरून (लावला नाही). चार देव आणि आठ समुद्रपुरुष, दाढ्या ओल्या असल्यासारख्या, आणि एकाच्या नाकाचा शेंडा गेलेला. अठराशे वर्षं ज्यांच्याकडे लोकांनी मान वर करकरून बघितलं ते आता आपल्या उंचीला येऊन उभे आहेत, जरा अवघडल्यासारखे वाटले मला. रिटायर झालेल्या साहेबांना भाजीच्या रांगेत बघावं तसं.

पायऱ्यांच्या वर कोपऱ्यात एक पाटी आहे, कवी व्हर्जिल इथे गेला. इ.स.पूर्व १९, ग्रीसहून परत येताना आजारी पडला, बोट इथे लागली आणि संपलं. जाताना म्हणे सांगत होता की माझं अपुरं महाकाव्य जाळून टाका. जाळलं नाही कुणी. मी त्या पायरीवर बसून फोकाच्या नावाचा इथला पाव खाल्ला, जाड, तेलकट, वर टोमॅटो आतपर्यंत दाबलेले, बोटं शर्टाला पुसावी की न पुसावी अशा अवस्थेत, आणि मला अचानक आठवलं की रवींद्रनाथ पण इथेच उतरलेले. १८७८, सतरा वर्षांचा पोरगा. त्याआधी मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिला होता, इंग्रजी रीतीभाती शिकायला, आणि तर्खडांची अन्नपूर्णा त्याला शिकवत होती. मग सप्टेंबरात बोटीत बसला. बोटीचं नाव 'पुणा'. (हे मी बनवत नाहीये.) बरोबर मोठा भाऊ सत्येंद्रनाथ, जो आपल्याच मुंबई इलाख्यात जज्ज. इजिप्तपर्यंत एक बोट, तिथून दुसरी, आणि युरोपच्या जमिनीवर पहिलं पाऊल ते हे. मी खाली बघितलं तर त्या जागी आता एक माणूस कुत्र्याला बाटलीने पाणी पाजत होता.

आणि १९३१ च्या डिसेंबरात उलट्या दिशेने गांधीजी. गोलमेज परिषद झाली, हाती काही लागलं नाही, स्वित्झर्लंडला लेखक रोमां रोलांना भेटले, रोमला मुसोलिनीशी भेट झाली, आणि १४ तारखेला याच बंदरातून 'पिल्स्ना' नावाची बोट धरली. २८ ला मुंबईत, आणि पुढच्याच आठवड्यात, ४ जानेवारीला, अटक. डिसेंबरात इथे कसलं वारं सुटत असेल, आणि अंगावर ते पंचा आणि शाल. मला एकदम त्या हॉटेलचा रागच आला. म्हणजे काल रात्री वालीजाच्या गोष्टीने मी एवढी गहिवरले होते, पण त्या थैल्यांत होतं काय? हुकूम होते, हिशेब होते, आमच्या कापसाचे भाव होते. आमचं टपाल नव्हतंच ते, आमच्याबद्दलचं टपाल होतं. पण मग त्याच थैल्यांत विलायतेतल्या पोराचं आईला लिहिलेलं, इथे थंडी फार आहे काळजी करू नये, असलं पण पत्र असणारच ना. बाबा म्हणायचे थैला उचलताना आत काय आहे ते कळत नाही, वजन तेवढं कळतं. ते हे कंटाळून म्हणायचे, कंबर धरून.

दुपारी छोटी बोट घेऊन पलीकडच्या काठाला गेले. पाच मिनिटांचा पण प्रवास नाही, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि सायकलवाली पोरं, सगळे उभेच. पलीकडे खलाशांचं स्मारक आहे, १९३३ चं, मुसोलिनीच्या काळातलं, त्रेपन्न मीटर उंचीचं बोटीचं सुकाणू, तेही जमिनीत रोवलेलं. मला काही आवडलं नाही ते, छाती काढून उभं असल्यासारखं वाटतं, पण आत भिंतींवर महायुद्धात गेलेल्या खलाशांची नावं आहेत, हजारोंनी, आणि तिथे थंडगार आणि शांत आहे, तिथे मी बराच वेळ बसले. पलीकडून गाव बघितलं की सगळं एका रांगेत दिसतं, पायऱ्या, खांब, ते हॉटेल, डावीकडे लांबवर कारखान्यांच्या चिमण्या. मालकिणीने सकाळी एक गोष्ट सांगितली होती ती इथे बसून नीट आत उतरली. ७ मार्च १९९१. अल्बेनिया कोसळत होता, समुद्राच्या पलीकडे. त्या एका दिवसात गंजक्या बोटींमधून जवळपास सत्तावीस हजार माणसं याच शांत पाण्यात शिरली. गावाची लोकसंख्या तेव्हा लाखाच्या आत. सरकारला सुचेना काय करावं, लोकांनी मात्र दारं उघडली. मालकिणीच्या आईने म्हणे सकाळी एक पातेलं पास्ता लावला आणि मग दिवसभर लावतच राहिली, आणि त्या पोरांच्या पायात बूटच नव्हते, मार्चच्या थंडीत, म्हणून तिच्या वडिलांचे, भावाचे, शेजाऱ्यांचे, सगळे बूट गेले. माझ्या वडिलांनी चार दिवस चपला घालून ऑफिस केलं, म्हणाली. यात तिला मोठेपणा वाटत नव्हता, उलट ती वडिलांच्या चपलांवर हसत होती. मग जरा थांबून म्हणाली, नंतर नंतर आम्हीही कंटाळलो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम कोंत्रोरातच, बॅग घेऊन निघाले. ट्रेन चारची होती, लवकर निघायची काही गरज नव्हती. पुन्हा तोच रस्ता, आता चढणीचा, आणि तोच खर्रर्र. कारंज्याच्या चौकात बाकावर आजोबा होते, बरोबर त्यांच्याच वयाचे अजून एक. मी रात्री आरशासमोर घोकून ठेवलं होतं. पुढे जाऊन उभी राहिले, बॅगेवर हात ठेवला आणि म्हटलं, "एक्को. ला वालीजा देल्ले इंदिए." ही घ्या.

ते माझ्याकडे बघतच राहिले. ओळखलंच नाही! मी म्हटलं बॉम्बे, बॉम्बे. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, त्यांनी दुसऱ्या आजोबांना भराभर काहीतरी सांगितलं, त्यात बॉम्बे होतं, ट्रेनो होतं, नोन्नो होतं, म्हणजे आजोबा, त्यांच्या आजोबांचं काहीतरी होतं, हमालीचं की बोटीचं ते मला काही लागलं नाही. आणि मग दोघं हसले, आणि त्यांनी परत माझ्या बॅगेकडे बोट केलं. पण बॅगेकडे नाही. खाली. चाकाकडे.

पेपर बाजूला ठेवून ते वाकले, बॅग आडवी करायची खूण केली, खिशातून छोटा चाकू काढला. चाकाच्या कण्याला दोऱ्याचा गुंता बसला होता, निळा, माझ्याच कुठल्यातरी ओढणीचा, आणि त्यात लांब केस, तेही माझेच. ते एकेक धागा चाकूच्या टोकाने उचलून कापत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडाने बारीक शीळ. दुसरे आजोबा सूचना करत होते. पाचेक मिनिटं लागली असतील. शेवटी त्यांनी बोटाने चाक फिरवून बघितलं, गर्रकन फिरलं, तो निळा गुंता माझ्या तळहातावर ठेवला आणि परत पेपर उघडला. मी "ग्रात्सिए" म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांनी स्टेशनच्या दिशेने हात केला, जा, गाडी चुकेल.

उरलेल्या रस्त्यात बॅगेचा आवाज आला नाही.